काही लागलं तर सांगा

'काही लागलं तर सांगा, संकोच करू नका' हे वाक्य मी आयुष्यात असंख्य वेळा म्हटलं आहे, आणि त्यावर कोणी मला कधी काही सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य त्यासाठी नसतंच. आजाऱ्याला भेटून उठताना म्हणायचं असतं, शेजारच्या नव्या बिऱ्हाडाचं कपाट जिन्यात अडकलेलं बघून आपण अंग चोरून वर जाताना म्हणायचं असतं. समोरच्याने 'हो हो, तुमचाच तर आधार आहे' असं म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या दाराला आतून कडी घालायची. यात लबाडी नाही. म्हणताना आपल्याला अगदी मनापासून वाटत असतं. समोरचा काही सांगणार नाही याचीही तेवढीच खात्री असते, आणि या दोन गोष्टींवर आपला सगळा शेजारधर्म सुखाने चाललेला असतो.

परदेशात आल्यावर मी बूट बदलले, जेवणाच्या वेळा बदलल्या, सुपात चमचा कुठल्या बाजूने घालतात तेही शिकलो. हे वाक्य मात्र तसंच बरोबर आणलं. एका सकाळी जिन्यात मी ते इथल्या भाषेत, व्याकरण सांभाळून, खालच्या आजींना म्हणालो. आजींनी मला सांगितलं.

खालच्या आजी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाई. इथे कोणी कोणाला आजी म्हणत नाही. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून ते निघून गेलं, त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी थोडा विचार करून 'चालेल' म्हटलं. ताठ चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या सकाळच्या आदल्या दिवशी सूप गॅसवर ठेवून खुर्चीत डोळा लागला त्यांचा. पातेलं जळलं, धूर झाला, इमारतीतल्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या आणि आम्ही सगळे रहिवासी असू त्या अवतारात खाली अंगणात जाऊन उभे राहिलो. मी बायकोच्या फुलाफुलांच्या शालीत होतो. माझ्या ऑफिसातले एक वरिष्ठ शेजारच्याच इमारतीत राहतात आणि त्यांना नेमकं तेव्हाच कुत्र्याला फिरवायचं होतं. त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

अग्निशमनवाले आले, पातेलं बाहेर काढून गेले. इमारतीच्या व्यवस्थापकाने आजींचा गॅस बंद केला आणि नळीवर लाल पट्टी चिकटवली. दुसऱ्या सकाळी आजी जिन्यात भेटल्या, तेव्हा मी सहानुभूतीने आपलं वाक्य म्हणालो आणि पुढच्या पायरीवर पाय टाकला.

"थांबा," आजी म्हणाल्या. "लागेल."

आणि त्या पायरीवर बसल्या. मला आयुष्यात असा प्रसंग आलेला नव्हता. पाय तसाच अधांतरी ठेवून मी उभा राहिलो, मग मीही बसलो.

आजींचं म्हणणं त्यांनी सरळ मांडलं. मुलगा लांबच्या गावी असतो. व्यवस्थापकाने धुराची गोष्ट फोन करून त्याच्या कानावर घातली आहे. मुलाने एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा धरून ठेवली आहे आणि 'नाताळला येतो, तेव्हा बघू' एवढंच म्हणाला आहे. दरवर्षी नाताळचं दुपारचं जेवण आजी स्वतः रांधतात. टर्की, बटाटे, भाज्या, पुडिंग, सगळं साग्रसंगीत. यंदा ते जेवण नीट झालं, तर आई एकटी राहू शकते हे मुलाला दिसेल. नाही झालं, तर सामान बांधायचं.

"गॅस बंद केलाय हे त्याला माहीत नाही," आजी म्हणाल्या. "तुमचा चालू आहे."

"हो, आहे ना," मी म्हणालो. एकदा वाक्याच्या गाडीत बसल्यावर मधल्या स्टेशनावर उतरता येत नाही.

"लग्न होऊन आले ती याच घरात. माझी ती खिडकी तुम्ही पाहिली आहे. मला ती सोडायची नाही."

त्या खिडकीतून एक चौक, एक पावाचं दुकान आणि बसचा थांबा दिसतो. मला ते अनेकदा जिन्यातून जाता-येता त्यांच्या उघड्या दारातून दिसलेलं होतं आणि त्यात सोडवत नाही असं काही मला जाणवलेलं नव्हतं. पण आजींचा आवाज ऐकून मी हो म्हणालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती. लाटणं थांबलं.

"काय करायचं असतं म्हणालास?"

"बटाटे, भाज्या, पुडिंग," मी सोप्याकडून सुरुवात केली. "आणि एक टर्की."

"म्हणजे?"

"कोंबडीच्या घराण्यातली. जरा थोरली."

इथे सांगायला हवं की आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही. आम्ही त्याबद्दल कोणाशी वाद घालत नाही, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडत नाही. आमच्या ओव्हनमध्ये आजवर फक्त केक आणि ढोकळ्यासारखं दिसणारं काहीतरी झालं होतं, एवढंच. बायकोने डोक्याला हात लावला नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

"तुला जिन्यात बोलायला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. मग पोळी उलटली आणि म्हणाली, "मुलगा लांब असतो का त्यांचा?"

माझ्या सासूबाई तिकडे घरी एकट्या असतात. बायको रोज संध्याकाळी त्यांना फोन करते आणि रोज 'मी मजेत आहे' हे एकच उत्तर ऐकते. त्यावर तिचा विश्वास नसतो. तिचा विश्वास शेजारच्या वहिनींवर आहे. सकाळी दारातली दुधाची पिशवी उचललेली दिसली नाही, की वहिनी बेल वाजवतात. बस, एवढंच. पण बायकोला झोप लागते ती त्या पिशवीच्या भरवशावर.

"बटाटे, भाज्या, पुडिंग माझं," ती म्हणाली. "पक्षी तुझा. आणि नंतर ओव्हन घासायचा तोही तू."

मी स्वभावाने सरळमार्गी असल्यामुळे आधी सरळ मार्ग करून बघितला. गॅस परत चालू झाला तर आजींचं जेवण आजींच्याच घरात होईल आणि माझ्या ओव्हनचं सोवळं शाबूत राहील, असा तो विचार होता. इमारतीच्या कार्यालयात गेलो. व्यवस्थापक हा अतिशय सभ्य मनुष्य आहे. नाही म्हणताना तो पाणी विचारतो. तो म्हणाला, रहिवाशाची जबाबदारी घेतो असं जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यावं लागेल.

"मी देतो," मी म्हणालो.

"आपण त्यांचे कोण?"

"शेजारी."

त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. पती होता, मुलगा होता, पुतण्यासुद्धा होता.

"शेजारी हे नातं नाही," तो दिलगिरीने म्हणाला आणि मला पाणी विचारलं.

आता पक्ष्याकडे वळणं भाग होतं. मी पंप बनवणाऱ्या कंपनीत नकाशे तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे सल्ले घेण्याची मला फारशी सवय नाही. तरीही आमच्या मंडळातल्या काकांना फोन केला. काका परदेशात तीस वर्षं आहेत आणि त्या तीस वर्षांत त्यांना माहीत नाही असं काही घडलेलं नाही. ते म्हणाले, टर्की रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर वहाण होते. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा इथलाच गृहस्थ म्हणाला, पाण्यात अजिबात बुडवू नकोस, पोतेरं होतं. मी काकांना परत फोन केला. काका दुखावले. "मग त्यालाच विचार," म्हणाले, आणि लगेच स्वतःच परत फोन करून बादलीचा आकार सांगितला. काकांनी जन्मात टर्की केलेली नाही हे मला नंतर काकूंकडून कळलं.

खाटकाच्या दुकानात मी पहिल्यांदाच उभा राहिलो. नजर कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून छताकडे बघत बोललो.

"किती माणसं?" खाटकाने विचारलं.

"पाच."

"ओव्हन केवढा आहे?"

"आहे चांगला," मी म्हणालो.

नकाशे तपासणाऱ्या माणसाने हे उत्तर दिलं. घरी आल्यावर ओव्हनचं दार उघडून बघितलं, तर टर्कीचं धड आत जात होतं आणि पाय बाहेर राहत होते. आडवी घातली, तिरकी घातली. बायको दुसऱ्या खोलीत पुस्तक वाचत होती, म्हणजे पुस्तक धरून बसली होती.

"मापं घेतली होतीस का?" आतून आवाज आला.

मी टर्की टॉवेलात गुंडाळली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बसने परत खाटकाकडे निघालो. बसमध्ये गर्दी होती. एका तरुणाने उठून मला जागा दिली. शेजारच्या बाईंनी प्रेमाने टॉवेलात डोकावून बघितलं आणि पुढचा सगळा प्रवास त्यांनी खिडकीबाहेर बघत केला. खाटकाने पाय वेगळे करून दिले. "शेजारी ठेवून भाजा आणि वाढताना लावून टाका," म्हणाला. जणू खुर्चीचेच पाय.

आजी रोज संध्याकाळी वर येऊन सूचना द्यायच्या. स्वयंपाकघरात ताठ बसायच्या, हात मांडीवर. कातडीखाली लोणी भरायचं, त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. उठताना दारात थांबून म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. कातडीखाली लोणी." बायकोने तिन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं 'बरं झालं सांगितलंत' म्हटलं. मी मात्र दुसऱ्या वेळेला घड्याळाकडे बघितलं होतं, आणि आजींनी ते पाहिलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग एकदा सारणाची गोष्ट निघाली. पावाचा चुरा, कांदा, सुकामेवा असं ते सारण असतं. आजी म्हणाल्या, माझी आई यात आणखी एक जिन्नस घालायची. आणि थांबल्या. चमचा हातात घेऊन बसून राहिल्या. आठवेना. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. जळलेल्या पातेल्याच्या दिवशी, सगळी इमारत बघत असताना, त्या घाबरल्या नव्हत्या. आता घाबरल्या होत्या.

बायको फडताळातून एकेक बरणी काढून त्यांच्या नाकाशी धरत गेली. दालचिनी, मिरी, लवंग. जायफळाशी आजी थांबल्या. पुन्हा वास घेतला.

"हे असावं," त्या म्हणाल्या. मग चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "नसलं तरी आता हेच."

नाताळची सकाळ उजाडली. बायको अंघोळ करून, केस बांधून, लढाईला निघाल्यासारखी बटाट्यांपुढे उभी राहिली. मी पक्ष्याला लोणी लावलं. त्या क्षणाबद्दल माझ्या पूर्वजांनी मला क्षमा करावी. ओव्हन तापला तसा थोडा धूर यायला लागला आणि छताला लावलेल्या धुराच्या घंटेची आम्हाला आठवण झाली. ती वाजली तर पुन्हा सगळी इमारत अंगणात, त्यात व्यवस्थापक, त्यात आजींचे चिरंजीव. बायको स्टुलावर चढून घंटेखाली टॉवेल हलवत राहिली. एका हाताने टॉवेल, दुसऱ्या हाताने मला खुणा. माझं लग्न योग्य ठिकाणी झालं आहे असं मला क्वचितच वाटतं, पण तेव्हा वाटलं.

बटाटे, भाज्या, पुडिंग बायकोने आधीच खाली पोचवलं आणि ती तिथेच टेबल मांडायला थांबली. राहिली टर्की. ती आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या, निळ्या काठाच्या ताटात ठेवली. पाय दात कोरायच्या काड्यांनी जागच्या जागी बसवले. वरून फडकं घातलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. एकच मजला. जिन्याने गेलो असतो तरी चाललं असतं, पण ताट जड होतं आणि पाय कच्चे होते. तिचे.

आजींच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. समोर, आजींच्या दाराशी, हातात फुलं घेतलेला एक गृहस्थ आणि एक बाई बेल वाजवत उभे होते. ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी. आजींच्या कपाटावरचा फोटो मी पाहिलेला असल्यामुळे चिरंजीव मी ओळखले. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, हवेत आलेला वास घेतला.

"उतरताय का?" त्यांनी लिफ्टचं दार धरून ठेवत विचारलं.

"नाही नाही," मी म्हणालो. "खाली."

नाताळच्या दुपारी भाजलेली टर्की घेऊन माणूस खाली कुठे जात असेल, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसायच्या आत दार मिटलं. लिफ्ट थेट तळघरात जाऊन थांबली. तिथे व्यवस्थापक होता. सणाच्या दिवशी हा मनुष्य तळघरात काय करतो, हे मला आजही माहीत नाही.

"सामायिक जागेत अन्न नेऊ नये असा नियम आहे," तो म्हणाला. मग फडक्याखाली वाकून बघितलं. "पाय नीट लागलेला नाही."

मी मागच्या जिन्याने वर निघालो. लिफ्टपासून मागच्या जिन्यापर्यंतचं अंतर आणि त्या जिन्याची उंची मी सांगणार नाही. मधे दोनदा बसलो. आजींच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा बायकोने दार किलकिलं करून ताट ओढून घेतलं, माझ्या तोंडावर टॉवेल फेकला आणि म्हणाली, "पुढच्या दाराने ये. पाहुणा म्हणून. हसत."

मी पुन्हा जिना उतरलो, पुढून चढलो, बेल वाजवली आणि पाहुणा म्हणून हसत आलो. चिरंजिवांनी दार उघडलं आणि माझ्याशी हात मिळवला. लिफ्टचा विषय काढला नाही.

टेबल छान मांडलं होतं. पांढरी चादर, मेणबत्त्या, आजींच्या लग्नातली काटे-चमच्यांची पेटी. आजी टेबलाच्या टोकाशी बसल्या. एक खुर्ची खिडकीपाशी होती, तिच्यावर कोणी बसलं नाही, ती आजोबांची असावी. चिरंजिवांनी सुरी हातात घेतली. सुरी टेकायच्या आधीच एक पाय आपणहून निसटून ताटात पडला. चिरंजीव त्याच्याकडे बघत राहिले.

"छान शिजलीय," सूनबाई म्हणाल्या. त्या अतिशय सुस्वभावी बाई आहेत.

आम्ही दोघांनी आमच्यापुरते बटाटे आणि भाज्या घेतल्या. आजी कोणाकडेही न बघता जेवत होत्या आणि त्यांचा काटा बशीला किंचित वाजत होता. सगळे जेवायला लागले, आणि घर सुटण्याची किंवा न सुटण्याची गोष्ट टेबलावर कोणी काढत नव्हतं. मला वाटायला लागलं, जमलं.

मग चिरंजीव म्हणाले, "आई, बटाटे तर अगदी नेहमीसारखे झालेत."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. जेवणाची कोणी तारीफ केली की करणारीने ती झटकून टाकायची असते. 'छान झालंय' याला 'हो, झालंय खरं' असं उत्तर दिलेली बाई मी आमच्या नात्यात पाहिलेली नाही. बायकोची आई तसं करते, तिची आई तसं करायची. हे शिकवावं लागत नाही, शिंक येते तसं येतं.

"कसले हो," बायको म्हणाली. "आज जमलेच नाहीत. जास्तच लाल झाले."

सूनबाईंनी काटा खाली ठेवला. त्यांच्या दृष्टीने, सासूने म्हातारपणी खपून केलेल्या जेवणाला, फुकट जेवायला आलेली शेजारीण समोरासमोर नावं ठेवत होती.

"मला तर फार आवडले," सूनबाई थंडपणे म्हणाल्या. "आणि टर्कीसुद्धा."

बायकोची बाजू सावरणं हे नवरा म्हणून माझं कर्तव्य होतं. शिवाय तारीफ माझ्या टर्कीची झाली होती, आणि मी त्याच वळणात वाढलेला.

"टर्की कुठली," मी म्हणालो. "कोरडीच झालीय जरा. आणि मीठ बघा, एका बाजूलाच लागलंय."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. बायकोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, पण तो उशिरा दिला. चिरंजिवांनी सुरी-काटा बशीत नीट जुळवून ठेवला.

"लिफ्टमध्ये तुमच्या हातात हेच निळ्या काठाचं ताट होतं," ते हळूच म्हणाले. "आणि मघाशी मी पाणी घ्यायला आत गेलो. आईच्या गॅसला लाल पट्टी आहे."

म्हणजे या गृहस्थांना सुरुवातीपासून माहीत होतं. माहीत असून ते बटाट्यांना आईचे बटाटे म्हणाले होते.

"यांनी केलं," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज ताठ होता. "मी सांगितलं, यांनी केलं. सारणात काय घालायचं तेही मला आठवलं नाही. आता बोल काय बोलायचंय ते."

"मला जेवण नको होतं ग आई," चिरंजीव म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी शाळकरी मुलासारखा झाला. "अवेळी फोन वाजला की माझे हात गार पडतात. फोन कोणाचाही असो. ऑफिसचा असला तरी उचलेपर्यंत मला काही सुचत नाही."

"मलापण," बायको म्हणाली.

ती आमच्या भाषेत म्हणाली, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मग तिने इथल्या भाषेत पुन्हा सांगितलं. आपली आई एकटी असते, दुधाची पिशवी असते, ती उचलली गेली नाही तर बेल वाजवणाऱ्या एक वहिनी आहेत. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. चिरंजीव तिच्याकडे बघत राहिले. जेवायला बसल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच कोणाकडे तरी नीट बघितलं असेल.

"तुमच्या आईला त्या वहिनी आहेत," ते म्हणाले. "इथे कोण आहे?"

"आम्ही आहोत ना," मी म्हणालो.

हे त्या जिन्यातल्या वाक्याचं धाकटं भावंड. तेही आपोआपच येतं. पण या वेळी ते टेबलाच्या मधोमध जाऊन बसलं आणि चारही जण त्याच्याकडे बघायला लागले. रोज बघायचं, रोज जेवण द्यायचं, सुट्टीला जाताना विचार करायचा, आजारी पडायचं नाही, हे सगळं त्यात होतं आणि मला ते म्हणून झाल्यावर दिसलं. सुटकेच्या आशेने मी बायकोकडे बघितलं.

"आहोत," बायको म्हणाली.

पुढचं बोलणं फारसं झालं नाही. आजी म्हणाल्या, गॅस कायमचा काढून न्या, मला तो नकोच, मला खिडकी हवी. सूनबाईंनी विचारलं, वृद्धाश्रमातल्या त्या जागेचं काय कळवायचं. चिरंजिवांनी कललेली मेणबत्ती सरळ केली. मग म्हणाले, "नाही म्हणून कळवू. सध्या." आजींनी त्या 'सध्या'वर काही आक्षेप घेतला नाही. पुडिंग आणलं. चिरंजिवांनी बायकोला सांगितलं की उत्तम झालंय. बायकोने तोंड उघडलं, मिटलं, आणि फार कष्टाने 'धन्यवाद' म्हणाली.

संध्याकाळी ते दोघं निघाले. सूनबाई पुढे गेल्या. मी चिरंजिवांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. त्यांनी माझा हात हातात घेतला. कोटाची बटणं लावलेली, एक पाय पुढच्या पायरीवर.

"तुमचे आभार कसे मानू," ते म्हणाले. "काही लागलं तर सांगा. संकोच करू नका."

हे वाक्य मी ओळखतो. मी ते आतून ओळखतो. ते मनापासून म्हणत होते आणि त्यांना घरी जायचं होतं. अशा वेळी 'छे छे, काही नाही' म्हणायचं असतं, हेही मला माहीत आहे, मी तेच म्हणत मोठा झालो आहे. पण मला आजींचा बशीवर वाजणारा काटा आठवला. आणि पाणी विचारणारा तो व्यवस्थापक आठवला, शेजारी हे नातं नाही म्हणणारा. मनुष्य कितीही नियमाचा असला तरी अर्धं बरोबर बोलला होता.

"थांबा," मी म्हणालो. "लागेल."

त्यांचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"महिन्यातून एकदा तुम्ही जेवायला यायचं. टर्की नको. साधंच काहीतरी, आम्ही करू. पण आजींसमोर तुम्ही बसायला हवं. डबा आम्ही देऊ, पिशवी उचलली की नाही ते आम्ही बघू. मुलगा आम्ही कुठून आणणार?"

खालून सूनबाईंनी हाक मारली. आपण मर्यादा सोडून बोललो असं वाटून माझे कान गरम झाले. 'बघा, जमलं तर' असं म्हणून मी सगळं मागे घेणार होतो.

तेवढ्यात चिरंजीव पायरीवर बसले. अगदी त्याच पायरीवर. कोटाचं वरचं बटण त्यांनी काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुठला रविवार?"

आईवर गेले होते.